लहान धंदेवाल्याच्या मानसिकतेवरचा आळ

लहान गावातला धंदेवाला पुढे का सरकत नाही, या प्रश्नाचे एक तयार उत्तर गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात सर्वमान्य होऊन बसले आहे: त्याची मानसिकताच लहान आहे. उद्योजकता मेळाव्यांच्या व्यासपीठांवरून, तालुक्याच्या गावी भरणाऱ्या सशुल्क कार्यशाळांतून, कर्जवाटपाच्या कार्यक्रमांतल्या भाषणांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून हे उत्तर इतक्या वेळा ऐकवले जाते की, ज्याच्यावर हा ठपका ठेवला जातो तो धंदेवालाही आता तो खरा मानू लागला आहे. व्यवसाय सल्लागार म्हणजे मालकाच्या धंद्याचा अभ्यास करून, मोबदला घेऊन, त्याला पुढची वाट ठरवायला मदत करणारा जाणकार. पण त्याचे मुख्य काम मालकाच्या मनाची मशागत करणे हेच आहे, अशी समजूत यातून रूढ झाली आहे. ही समजूत चुकीची आहे, लहान धंद्यांचे नुकसान करणारी आहे आणि ज्यांना मदतीची खरी गरज आहे त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे तर ते असे. धंदा वाढवण्याची साधने आज सर्वांना खुली आहेत. कर्जाच्या योजना आहेत, अनुदाने आहेत, मोबाइल आहे, रस्ते आहेत. एवढे असूनही एखादा माणूस वीस वर्षे त्याच दुकानात त्याच गल्ल्यावर बसून राहतो, याचा अर्थ अडथळा बाहेर नसून त्याच्या डोक्यात आहे. मराठी माणसाच्या, त्यातही मराठवाड्याच्या माणसाच्या, रक्तात धंदा नाही. तो जोखमीला भितो आणि आहे त्यात समाधान मानतो. म्हणून सल्लागाराने आधी त्याच्यात मोठे होण्याची ईर्षा जागवावी, मग विस्ताराचा आराखडा हाती द्यावा, कर्ज मिळवून द्यावे आणि मालकाने तो आराखडा निमूटपणे अमलात आणावा. हे सारे ऐकायला सुसंगत वाटते. परंतु यातले प्रत्येक विधान प्रत्यक्ष गावात, प्रत्यक्ष दुकानात नेऊन तपासले, तर त्यातले एकही टिकत नाही.

तपासणीसाठी परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव योग्य ठरेल. गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीवर 1958 ते 1968 या काळात येथे धरण उभे राहिले आणि त्याच्या पायथ्याशी 22.5 मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आले. धरणाचे पाणी पुढे हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणात उतरते आणि तिथून कालव्यांनी खालच्या भागातील शेतीला जाते. म्हणजे पाणी येथे अडते, वीज येथे तयार होते, पण दोन्हींचा मोठा लाभ गावापासून दूर पोहोचतो. गावाच्या वाट्याला येतो तो जलाशयातील मासळीचा, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा आणि भोवतालच्या खरीप शेतीवर अवलंबून असलेला छोटा व्यापार. खानावळ, किराणा, बियाणे-खतांचे दुकान, वेल्डिंगचे वर्कशॉप, पिठाची गिरणी, असे धंदे अशा गावांतून चालतात. पावसाने दगा दिला की जलाशय आटतो, मासळी घटते, शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही आणि हे सारे धंदे एकाच वेळी मंदावतात. हे चक्र न पाहता त्यांच्या मालकांच्या मनोवृत्तीचे निदान करणारा सल्लागार नेमके कशाचे निदान करतो?

पहिले विधान असे की अडथळा डोक्यात आहे. धरणाकाठच्या गावातील मासळीचे जेवण देणारी एखादी खानावळ उदाहरणादाखल घेऊ आणि तिचा हिशेब मांडून पाहू. समजा, मालक कटला किंवा रोहू 200 रुपये किलोने विकत घेतो आणि एका ताटात पाव किलो मासळी वाढतो. त्याच्या तोंडी हिशेबात ताटामागे मासळीचा खर्च 50 रुपये बसतो आणि त्यावर तेल, मसाला, भाकरी, सरपण व मजुरी धरून तो ताटाचा दर ठरवतो. परंतु खवले, पर आणि आतडी काढल्यावर किलोमागे समजा 700 ग्रॅमच मासळी हाती उरत असेल, तर साफ केलेल्या मासळीचा खरा भाव किलोला सुमारे 286 रुपये पडतो आणि ताटातील पाव किलोचा खर्च 71 रुपयांच्या पुढे जातो. ताटामागे 21 रुपयांची ही तूट दिवसाला तीस ताटांवर 640 रुपयांच्या घरात पोहोचते, आणि ती कोणत्याही वहीत दिसत नाही, कारण तराजूवर मासळी साफ करण्याआधीच चढलेली असते. दिवसभर गर्दी असूनही महिन्याच्या शेवटी हाती काही का राहत नाही, हे या मालकाला उमगत नाही. त्याला मोठी स्वप्ने पाहायला सांगून ही तूट भरून निघेल काय? उलट त्याने उत्साहाच्या भरात ताटांची संख्या दुप्पट केली, तर तूटही दुप्पट होईल. त्याला हवा आहे तो साफ केल्यानंतर मासळी पुन्हा तराजूवर ठेवायला लावणारा आणि त्या आकड्यावरून दर ठरवायला शिकवणारा माणूस.

बियाणे-खतांच्या किंवा किराण्याच्या दुकानदारावर तर हा आरोप अधिकच अन्यायकारक आहे. जूनमध्ये पेरणी होते तेव्हा शेतकऱ्याला माल उधारीवर लागतो. त्याच्या हाती पैसा येतो तो ऑक्टोबरात सोयाबीनची रास झाल्यावर, आणि कापसाचा त्याहून उशिरा. दुकानदाराला मात्र ठोक व्यापाऱ्याला पैसे त्यापूर्वीच द्यावे लागतात. मधल्या चार-पाच महिन्यांत त्याचे खेळते भांडवल, म्हणजे माल घ्यायला आणि रोजचा व्यवहार चालवायला लागणारा हाताशी असलेला पैसा, गावाच्या शिवारात पेरलेले असते. ते परत येईल की नाही, हे पावसावर आणि मोंढ्यातल्या भावावर ठरते. अशा स्थितीत तो नवी शाखा काढत नाही, नवा माल भरत नाही, हातचे राखून चालतो. याला भित्रेपणा म्हणायचे की आपल्या परिस्थितीचे अचूक भान? शहरातील सुरक्षित मासिक उत्पन्नावर जगणाऱ्याने, पावसावर धंदा चालवणाऱ्याला जोखमीची भीती वाटते असे म्हणावे, यापरते विपरीत काय असू शकते? तो दुकानदार रोजच अशी जोखीम घेत असतो, जी त्याला व्याख्यान देणाऱ्याने कधी घेतलेली नसते. त्याला उपयोगी पडेल तो कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधारी द्यावी याची मर्यादा आखून देणारा, वसुलीची तारीख राशीच्या आठवड्याशी जुळवून देणारा आणि ठोक व्यापाऱ्याकडून मुदत वाढवून घेताना शेजारी बसणारा सल्लागार.

मानसिकतेच्या सिद्धान्तामागे संशोधन आहे, असा दावा केला जातो, आणि तो दावा टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्क्लेलंड यांनी 1964 च्या सुमारास काकीनाडा येथील व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सिद्धिप्रेरणेचे, म्हणजे स्वतः ठरवलेले ध्येय गाठण्याच्या ओढीचे, प्रशिक्षण दिले. प्रशिक्षितांमध्ये व्यावसायिक हालचाल वाढल्याचे निष्कर्ष 1969 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अलीकडे टोगो या आफ्रिकी देशातील पंधराशे लहान व्यावसायिकांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पुढाकार घेण्याचे प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा सुमारे 30 टक्क्यांनी वाढला, तर पारंपरिक व्यवसाय प्रशिक्षणाचा ठळक परिणाम दिसला नाही. मानसिकतावाद्यांना हे दोन्ही दाखले आपल्या बाजूचे वाटतात. पण टोगोतील प्रशिक्षण म्हणजे टाळ्या मिळवणारे तासाभराचे भाषण नव्हते. वर्गातील 36 तासांनंतर प्रशिक्षक चार महिने, दर महिन्याला एकदा, प्रत्येकाच्या धंद्याच्या जागी जात होता आणि शिकलेली गोष्ट त्याच्या व्यवहारात कशी उतरवायची हे त्याच्यासोबत बसून ठरवत होता. काकीनाडा हेही बंदर असलेले, व्यापाराची सवय असलेले शहर होते. पुढाकाराला वाव द्यायला तिथे बाजार हजर होता. या प्रयोगांतून सिद्ध होते ते एवढेच की, ध्येय ठरवणे, योजना आखणे, चूक तपासणे ही कौशल्ये शिकवता येतात आणि ती माणसाच्या धंद्यात जाऊन शिकवली तरच रुजतात. मंगल कार्यालयात तीनशे खुर्च्या मांडून, ध्वनिवर्धकावरून शिकवलेल्या ईर्षेचे समर्थन या संशोधनातून कसे निघते?

पारंपरिक प्रशिक्षण टोगोत फसले, यातूनही योग्य तोच बोध घेतला पाहिजे. डॉमिनिकन प्रजासत्ताकात लहान व्यावसायिकांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवले गेले, तर दुसऱ्या गटाला घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवण्यासारखे मोजके, सोपे नियम दिले गेले. रीतसर हिशेबशास्त्राचा फारसा उपयोग झाला नाही. सोप्या नियमांनी व्यवहार सुधारले. येलदरीसारख्या गावातील दुकानात एकाच गल्ल्यातून मुलाच्या शाळेची फी, पाहुण्यांचा चहा आणि ठोक व्यापाऱ्याची उचल भागते, तिथे या नियमाचे मोल किती, हे सांगायला नको. सल्लागाराचा खरा कस लागतो तो अशा वेळी, मालकाला पेलेल असा एक नियम निवडून तो अंगवळणी पडेपर्यंत पाठपुरावा करताना.

दुसरे विधान रक्ताचे आहे, आणि ते सर्वांत घातक आहे. मराठी माणसाला धंदा जमत नाही असे म्हणणाऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण दिले की ते त्यांना अपवाद ठरवतात. पण त्या उदाहरणाचा खरा अर्थ वेगळाच आहे. बेळगावात 1888 साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणरावांकडे जिद्द आणि कसब आधीपासूनच होते. तरीही बेळगावातील जागा सुटल्यावर त्यांचा उद्योग उघड्यावर आला. 1910 साली तो कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर पुन्हा उभा राहिला, कारण औंधच्या संस्थानाने जमीन दिली, दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि जवळून रेल्वे जात होती. एवढ्या कर्तबगार माणसालाही जागा, भांडवल आणि वाहतूक लागली, तर ज्या जिंतूर तालुक्याच्या मुख्य गावाला रेल्वे नाही, तिथल्या वेल्डिंगवाल्याने केवळ इच्छाशक्तीवर कारखाना उभारावा, ही अपेक्षा कोणत्या तर्कात बसते? मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. पुढे विकासाचा अनुशेष, म्हणजे इतर विभागांच्या तुलनेत मागे राहिलेला वाटा, मोजण्यासाठी राज्य शासनालाच 1983 साली प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. रस्ते, सिंचन, वीज आणि शिक्षण यांतील तूट शासनाने स्वतः मोजली असताना, तिचे खापर त्या प्रदेशातील माणसांच्या रक्तावर फोडणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय ते जबाबदारी झटकणेही आहे.

तिसरे विधान वाढ म्हणजे विस्तार आणि विस्तार म्हणजे कर्ज, असे समीकरण मांडते. कर्ज वाईट असते असे कोणी म्हणत नाही. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेने तारणाशिवाय कर्जाची वाट मोकळी केली आणि 2020 पासूनच्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, अनुदान मिळते. या दुसऱ्या योजनेत मालकाला हात देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तिचा मोबदला मंजूर झालेल्या कर्ज प्रकरणामागे ठरतो, त्यातला निम्मा कर्ज मंजूर होताच आणि उरलेला नोंदण्या, प्रशिक्षण व प्रकल्पाची अंमलबजावणी झाल्यावर. ज्या मालकाला कर्ज घेऊ नये असा सल्ला देणे योग्य ठरेल, त्याला तसा सल्ला देणाऱ्याला या व्यवस्थेत काय मिळते? काहीच नाही. प्रामाणिक माणसे याही व्यवस्थेत प्रामाणिक राहतात, पण सल्ल्याची किंमत कर्जावर बेतली की सल्ल्याचा कल कर्जाकडे झुकणारच. मासळी साफ करताना होणारी घट न मोजणाऱ्या मालकाने कर्ज काढून शीतपेटी आणि नवे टेबल घेतले, तर त्याच्या तुटीला आता हप्त्याचीही जोड मिळते. काही धंद्यांना पुढे जायचे म्हणजे उधारी कमी करायची असते, काहींना तोट्याचा माल बंद करायचा असतो, तर काहींना ज्यांच्याकडून पैसे येणे आहेत ते वसूल करायचे असतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने नोंदणीकृत लघुउद्योगाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक केले आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे आणि दाद मागायला परिषद आहे. ठेकेदाराला लोखंडी दरवाजे पुरवणारा वर्कशॉपवाला ही दाद मागत नाही, कारण तो ठेकेदार हातचा गेला तर दुसरा नाही. त्याला कायदा सांगणे सोपे आहे. दुसरा खरेदीदार शोधून देऊन मग पहिल्याकडे हक्काने पैसे मागण्याइतके बळ देणे अवघड आहे. सल्लागाराचे काम या अवघड भागात आहे.

चौथे विधान असे की सल्लागाराने आराखडा द्यावा आणि मालकाने तो पाळावा. येथे येलदरीशी जवळचे नाते सांगणारा एक अनुभव जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. इटलीत वाढलेले अर्नेस्तो सिरोली यांनी 1985 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्पेरन्स या गावात लहान व्यावसायिकांना मदत करण्याची एक पद्धत सुरू केली. कोणाच्याही दारात न मागता जायचे नाही, कोणाला प्रेरणा द्यायची नाही, कल्पना मालकाचीच असू द्यायची आणि तिला लागणारे ज्ञान, माणसे व बाजार शोधून द्यायचे, हा तिचा गाभा. तेथील मच्छीमार ट्यूना मासळी डबाबंदीच्या कारखान्याला किलोला 60 सेंटने देत होते. पाच मच्छीमारांनी एकत्र येऊन, या मदतीच्या आधारे, तीच मासळी जपानला किलोला 15 डॉलरने पाठवण्याची वाट शोधली. त्या मच्छीमारांच्या मनात त्याआधी ईर्षा नव्हती असे कोणी म्हणेल काय? त्यांच्यापाशी मासळी होती आणि इच्छाही होती. नव्हता तो चांगला बाजार आणि तिथवर पोहोचण्याची माहिती. येलदरीची मासळी जपानला जाणार नाही, हे उघड आहे. पण जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो, मासळी कोणाला कोणत्या भावाने विकायची हे पकडणाऱ्याच्या हाती क्वचितच असते, आणि बर्फ व वाहतूक यांची सोय नसेल तर मिळेल तो भाव घ्यावा लागतो, हे समजून घेणारा आणि चार जणांना एकत्र बसवून परभणीच्या बाजाराशी थेट जोडून देणारा सल्लागार येथेही हवा आहे.

मालकाला सगळे कळते आणि सल्लागाराची गरजच नाही, असा याचा अर्थ नव्हे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर व उंबरगाव येथील कापड गिरण्यांवर केलेला आणि 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत निर्णायक आहे. या गिरण्या येलदरीच्या धंद्यांपेक्षा कितीतरी मोठ्या होत्या आणि त्यांचे मालक अनुभवी होते. तरीही अनेकांकडे सुताचा साठा नोंदीविना पडून होता, कापडातील दोषांची नोंद ठेवली जात नव्हती, यंत्रे बिघडल्यावरच दुरुस्त केली जात होती. सल्लागारांनी तिथे व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी महिनाभर पाहणी केली आणि पुढचे चार महिने साठा मोजायला, दोष टिपायला व यंत्रांची देखभाल ठरल्या वेळी करायला मदत केली. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. प्रेरणेचे एक वाक्यही न उच्चारता, नोंदवही आणि पाठपुरावा यांनी हे साधले, तर प्रेरणेच्या व्यापारावर गावोगाव होणारा खर्च कोणत्या आधारावर समर्थनीय ठरतो?

शेवटचा आक्षेप असा घेतला जातो की, अशी जवळून मदत लहान धंद्याला परवडत नाही आणि शासनाला प्रत्येक दुकानात माणूस पाठवता येत नाही. हा आक्षेप व्यवहाराच्या नावाखाली केलेली पळवाट आहे. जिल्हा उद्योग केंद्रे 1978 पासून आहेत, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 पासून आहे, परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. माणसे आणि इमारती यांचा अभाव नाही. शासकीय योजनांचे यश मंजूर प्रकरणांच्या आणि प्रशिक्षणार्थींच्या संख्येत मोजले जाते, म्हणून माणसे सभागृहात बसवली जातात. हेच यश वर्षभरानंतर त्या धंद्यात शिल्लक किती राहिली यावर मोजले गेले, तर हीच माणसे सभागृहातून उठून दुकानांत जातील. एका तालुक्यात दोन-तीन जाणकार, ठरावीक धंद्यांकडे महिन्यातून एकदा, किमान एक खरीप हंगामभर गेले, तर त्यावरचा खर्च मेळाव्याच्या मांडव-जाहिरातीपेक्षा फार मोठा का ठरावा? आणि मालकाला फी परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की, हाच मालक हजारो रुपये भरून दोन दिवसांच्या प्रेरणा शिबिराला जातो, तेव्हा त्याच्या परवडण्याची चिंता कोणाला असते?

लहान धंदेवाला थांबलेला दिसतो, कारण त्याचा पैसा अडकलेला असतो, त्याचा हिशेब अर्धवट असतो, त्याचा बाजार एका माणसाच्या हाती असतो किंवा त्याच्या अंगावरची जोखीम आधीच त्याच्या ताकदीच्या काठावर असते. यांपैकी नेमके काय आहे हे पाहण्याची मेहनत टाळायची असली, की मानसिकता हा शब्द हाताशी येतो. त्याला पुरावा लागत नाही, त्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येत नाही आणि अपयशाचे खापर ऐकणाऱ्यावर आपोआप फुटते. म्हणून उद्योजकता कार्यक्रमांच्या आयोजकांनी व्याख्यात्याला व्यासपीठ देण्यापूर्वी, त्याने गेल्या वर्षभरात किती दुकानांच्या वह्या पाहिल्या आणि त्यांपैकी किती धंद्यांची शिल्लक वाढली, हे विचारावे. येलदरीच्या, जिंतूरच्या आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक लहान गावातल्या मालकाने आपल्या दारी येणाऱ्या सल्लागाराला बसायला जागा द्यावी, चहा द्यावा आणि पुढ्यात उधारीची वही ठेवावी. जो ती उघडून पानन् पान वाचेल त्याचा सल्ला ऐकावा. जो ती बाजूला सारून स्वप्नांविषयी बोलू लागेल, त्याला मालकाच्या मानसिकतेवर बोट ठेवण्याचा कसलाही अधिकार नाही.